ॲजिटेटरवरचा सेन्सर नेमके कोणाचे कंपन मोजतो?

तारापूर, रोहे, लोटे परशुराम, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांत ढवळण्याचे काम करणारे यंत्र, म्हणजे ॲजिटेटर, बहुतेक ठिकाणी एकाच ठेवणीचे असते. रिॲक्टरच्या, म्हणजे अभिक्रिया घडते त्या भांड्याच्या, डोक्यावर मोटर उभी असते. तिच्याखाली वेग कमी करणारा गिअरबॉक्स, त्याखाली लँटर्न म्हणजे खिडक्या असलेला पोकळ आधार, त्यात शाफ्ट जोडणारे कपलिंग आणि गळती रोखणारे मेकॅनिकल सील, आणि तिथून भांड्याच्या पोटात उतरणारा काही मीटर लांबीचा शाफ्ट, ज्याच्या टोकाला पाती बसवलेली असतात. या शाफ्टला खालच्या बाजूला बहुधा कसलाही आधार नसतो. द्रवाचे धक्के पात्यांवर बसतात, लांब शाफ्टमुळे त्या धक्क्यांचे वाकवणारे बल वाढत जाते आणि त्याचा मोठा भाग अखेर गिअरबॉक्सच्या खालच्या बेअरिंगला, किंवा लँटर्नमध्ये वेगळे बेअरिंग दिलेले असेल तर त्याला, सोसावा लागतो. हे बेअरिंग बॅच अर्ध्यावर असताना निकामी झाले तर नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही. आतला माल घट्ट होऊन बसतो किंवा ढवळणे थांबल्यामुळे अभिक्रियेची उष्णता एका जागी साचू लागते. या यंत्रांवर कंपन मोजणारे सेन्सर कायमचे बसवण्याकडे कल वाढतो आहे तो यामुळेच.

सेन्सर विकत घेताना त्याची संवेदनक्षमता, वारंवारतेची कक्षा, तापमानाची मर्यादा यांची बारकाईने चौकशी होते. तो यंत्रावर कशाने आणि कसा धरून ठेवायचा हा प्रश्न मात्र पुष्कळदा बसवायला आलेल्या फिटरवर सोडला जातो. माझ्या मते लक्ष देण्याची ही वाटणी उलटी आहे, कारण चांगला सेन्सर वाईट बसवला तर त्याची सगळी गुणवत्ता त्या सांध्यापाशीच संपते आणि पुढच्या संगणकाला किंवा विश्लेषकाला ती परत आणता येत नाही.

यामागचे कारण सेन्सरच्या रचनेतच आहे. नेहमीच्या औद्योगिक ॲक्सेलरोमीटरमध्ये, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, एक छोटे वजन आणि त्याला टेकलेला दाबविद्युत स्फटिक असतो. कवच हलले की वजन जागीच राहू पाहते, स्फटिकावर ताण येतो आणि त्या ताणाच्या प्रमाणात विद्युतभार तयार होतो. कवचातलेच इलेक्ट्रॉनिक मंडल त्याचे व्होल्टेज करून केबलवर पाठवते. या सगळ्या वर्णनात यंत्र कुठेच आलेले नाही. सेन्सरला कळते ते केवळ स्वतःच्या कवचाचे हलणे. ते हलणे आणि बेअरिंगच्या घराचे हलणे एकच असेल याची हमी बसवणाऱ्याने द्यायची असते.

ही हमी अवघड होते, कारण दोन पृष्ठभागांमधला सांधा हाताला कितीही घट्ट लागला तरी भौतिकीच्या दृष्टीने तो एक स्प्रिंगच असतो. त्या स्प्रिंगवर सेन्सरचे वजन बसलेले असल्यामुळे या जोडीला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता मिळते. यंत्राचे कंपन त्या वारंवारतेच्या बरेच खाली असेल तोवर सेन्सर यंत्राबरोबर इमानाने हलतो. जवळ येऊ लागले की वाचन फुगते आणि ओलांडून गेले की झपाट्याने खाली पडते. पायात सैल चप्पल घालून सावकाश चालले तर ती पावलाबरोबर नीट जाते, पण धावायला लागले की ती पावलाचा नाद सोडून आपल्याच तालात आपटते, तसाच हा प्रकार आहे. साध्या गणिताने पाहिले तर अनुनादाच्या, म्हणजे या नैसर्गिक, वारंवारतेच्या एक पंचमांशापर्यंत चूक सुमारे ४ टक्के राहते आणि एक तृतीयांशाला ती १२ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून बहुतेक जण एक तृतीयांश ही व्यवहारातली हद्द धरतात. सांध्याची ताठरता चौपटीने घटली तर ही नैसर्गिक वारंवारता निम्म्यावर येते आणि तिच्याबरोबर वापरता येणारी कक्षाही निम्मी होते. आयएसओ ५३४८ हे आंतरराष्ट्रीय मानक ॲक्सेलरोमीटर यांत्रिकरीत्या कसा बसवावा एवढ्या एकाच विषयाला वाहिलेले आहे, आणि त्याची १९९८ची आवृत्ती २०२१मध्ये सुधारण्यात आली.

एकाच यंत्रात दोन टोकांची कंपने

पंप किंवा पंख्यावर सेन्सर बसवण्याचा अनुभव असलेला माणूस ॲजिटेटरपाशी आला की त्याची पहिली अडचण होते ती वेगाची. एक नमुन्याचे यंत्र घेऊ. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. गिअरबॉक्स हा वेग पंधरा पटींनी कमी करतो, त्यामुळे शाफ्ट मिनिटाला ९६ फेरे घेतो, म्हणजे १.६ हर्ट्झ. पाती चार असतील तर द्रवावर पाती आपटण्याची वारंवारता ६.४ हर्ट्झ येते. गिअरबॉक्सच्या पहिल्या पिनिअनला २० दाते असतील तर दात जुळण्याची वारंवारता ४८० हर्ट्झ आणि तिचा तिसरा गुणित १४४० हर्ट्झ होतो. मोटरच्या बेअरिंगमधले सुरुवातीचे दोष त्याच्याही वर, काही हजार हर्ट्झच्या भागात, दिसू लागतात. या एकाच यंत्रात दीड हर्ट्झपासून दहा हजार हर्ट्झपर्यंतची माहिती भरलेली आहे आणि तिची दोन टोके सेन्सरकडून अगदी वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

खालच्या टोकाला अडचण येते ती संदेशाच्या दुबळेपणाची. १.६ हर्ट्झला कंपनाचा वेग सेकंदाला १ मिलिमीटर असेल तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या (जी) जेमतेम एक हजारांश भरते, आणि प्रति जी १०० मिलिव्होल्ट देणारा नेहमीचा सेन्सर त्यासाठी ०.१ मिलिव्होल्ट एवढेच देतो. तेवढाच १ मिलिमीटरचा वेग १००० हर्ट्झला असता तर त्याच सेन्सरने सुमारे ६४ मिलिव्होल्ट दिले असते. शाफ्टच्या डुलण्याची माहिती हवी असेल तर प्रति जी ५०० मिलिव्होल्टचा आणि अर्ध्या हर्ट्झच्याही खाली नीट मोजू शकणारा सेन्सर घेणे शहाणपणाचे असते. परंतु तो घेतल्यावरही सैल केबलचे हेलकावे, सेन्सरच्या बुडाला लागणारी बदलती उष्णता किंवा पृष्ठभागाची स्वतःची वाकवणूक यांतून येणारा खोटा संदेश खऱ्यावर सहज मात करू शकतो. त्वरणावरून वेग काढताना खालच्या वारंवारतांचा गोंगाट आणखी वाढतो आणि आलेखाच्या डाव्या टोकाला एक उंच उतार उभा राहतो. तो उतार पाहून शाफ्ट वाकला असा निष्कर्ष काढण्यापूर्वी केबल कुठे आणि कशी बांधली आहे ते पाहावे.

वरच्या टोकाची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. शाफ्ट सावकाश फिरतो, तेव्हा त्याच्या बेअरिंगसाठी उच्च वारंवारता मोजण्याची गरज नाही, असे मानले जाते. वास्तविक त्या बेअरिंगमध्ये १८ रोलर असतील तर बाहेरच्या कड्यावरच्या खाचेवरून रोलर जाण्याची वारंवारता साधारण साडेअकरा हर्ट्झ येते, हे खरे. पण रोलर खाचेवर आदळतो तेव्हा धातू वाजतो तो काही हजार हर्ट्झच्या स्वरात. साडेअकरा हा केवळ त्या ठोक्यांच्या पुनरावृत्तीचा हिशेब आहे. वेग कमी असल्यामुळे प्रत्येक ठोका क्षीण असतो आणि तो ऐकायचा तर सेन्सरची पकड यंत्रावरच्या इतर कोणत्याही जागेपेक्षा याच जागी अधिक चांगली हवी. म्हणून सगळीकडे स्टड, म्हणजे यंत्रात भोक पाडून बसवायचा आट्यांचा दांडा, लावणे परवडत नसेल तर मोटरवरचा एखादा सेन्सर चिकटवून बसवावा, पण गिअरबॉक्सच्या खालच्या बेअरिंगचा सेन्सर स्टडवरच बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यवहारात याच्या उलट घडते, कारण मोटरपर्यंत हात सहज पोचतो आणि खालच्या बेअरिंगपाशी ड्रिल धरायला जागा नसते.

जागा

बेअरिंगपासून सेन्सरपर्यंत कंपनाचा प्रवास सलग धातूतून आणि शक्य तितक्या जवळच्या वाटेने झाला पाहिजे. वाटेत येणारा प्रत्येक सांधा, गॅस्केट किंवा पातळ पत्रा उच्च वारंवारतेचा काही भाग गिळतो. मोटरच्या मागच्या टोकाला पंख्यावरचे पत्र्याचे झाकण असते आणि सेन्सर तिथे लावण्याचा मोह होतो, परंतु ते झाकण स्वतःच्याच लयीत थरथरत असते. थंडाव्यासाठीचे उभे पंख, लँटर्नच्या खिडक्यांवरच्या जाळ्या, रिॲक्टरच्या इन्सुलेशनवरचे ॲल्युमिनिअमचे आवरण, बोल्टची डोकी, तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेची चौकट या सगळ्या जागा त्याच कारणाने बाद होतात. मोटर उचलण्याच्या आयबोल्टचे तयार भोक पाहून तिथे सेन्सर बसवणारेही भेटतात. भोक पाडण्याचा त्रास वाचतो, पण ते भोक मोटरच्या अंगाच्या मध्यावर असते आणि बेअरिंग दोन टोकांना.

उभ्या यंत्रात दिशांची नावेही आधी ठरवून घ्यावी लागतात. आडव्या पंपाला आडवी, उभी आणि अक्षीय या दिशा आपोआप मिळतात. ॲजिटेटरमध्ये अक्ष उभा असतो आणि त्याच्याशी काटकोनात असलेल्या दोन्ही दिशा आडव्याच असतात. त्या दोन दिशांचा ताठरपणा सारखा नसतो, कारण रिॲक्टरच्या माथ्यावरचा नोझल, त्याखालचे भांडे आणि भांडे ज्या तुळयांवर टेकले आहे त्या तुळया एका दिशेला जास्त लवचीक असतात. म्हणून एक सेन्सर तुळईच्या समांतर आणि दुसरा तिच्या काटकोनात अशी खूण आराखड्यावर कायमची नोंदवून ठेवावी. दिशा नेमकी साधण्याच्या खटपटीत वेळ घालवण्याची मात्र गरज नाही. सेन्सर १० अंशांनी तिरका बसला तरी मूळ दिशेचे वाचन दीड टक्क्यानेच घटते. काटकोनातल्या दिशेचा सुमारे सहावा हिस्सा त्यात शिरतो, आणि ती दिशा फार जोरात हलत असेल तरच त्याची काळजी करावी. सेन्सरच्या बुडाखाली केसाएवढी फट राहणे हे यापेक्षा कितीतरी मोठे दुखणे आहे.

लवचीकतेवरून आणखी एक बाब ओघाने सांगितली पाहिजे. कंपन किती असावे हे ठरवताना आयएसओ २०८१६-३ या मानकाचा आधार घेण्याची प्रथा आहे, पण ते मानक १५ किलोवॉटच्या वरच्या आणि मिनिटाला किमान १२० फेरे घेणाऱ्या यंत्रांसाठी आहे. आपला ९६ फेऱ्यांचा शाफ्ट त्याच्या कक्षेत बसत नाही, आणि भांड्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या यंत्राचा पायाही फरशीवरच्या यंत्रासारखा नसतो. अशा यंत्रात मानकातल्या आकड्यापेक्षा त्याच यंत्राच्या कालच्या आणि आजच्या वाचनातला फरक अधिक विश्वासाचा असतो. हा फरक अर्थपूर्ण ठरण्यासाठी सेन्सर रोज त्याच जागी आणि त्याच पकडीने बसलेला असावा लागतो.

स्टडची बैठक

स्टडवर बसवणे म्हणजे यंत्राच्या जाड धातूत भोक पाडून, आटे पाडून, दुहेरी आट्यांच्या छोट्या दांड्यावर सेन्सर घट्ट फिरवणे. आपल्याकडच्या सेन्सरमध्ये एम ६ किंवा पाव इंची २८ आट्यांचा स्टड सर्रास आढळतो. हे दोन आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात आणि एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे शिरतोही. तिथे जोर केला की सेन्सरचे बूड कायमचे खराब होते, म्हणून पाना हाती घेण्याआधी डब्यावरची माहिती वाचावी.

या कामात सगळ्यात जास्त महत्त्व पृष्ठभागाला आहे, आट्यांना त्याखालोखाल. सेन्सर धरला जातो तो आट्यांनी, परंतु उच्च वारंवारतेचे कंपन पोचते ते बुडाच्या सपाट कड्यातून. ओतीव गिअरबॉक्सचा पृष्ठभाग वरून गुळगुळीत दिसला तरी रंग आणि पुट्टी काढल्यावर तो खडबडीत आणि किंचित गोलाईचा निघतो. त्यावर स्पॉटफेसिंगच्या हत्याराने सेन्सरच्या बुडापेक्षा थोडी मोठी गोल सपाट जागा तयार करावी लागते, आणि मध्यभागीच्या भोकाला मार्गदर्शक पिन देणारे हत्यार वापरले तर जागा आणि भोक आपोआप काटकोनात येतात. उत्पादक साधारणपणे २५ मायक्रॉनच्या आत सपाटपणा आणि एका अंशाच्या आत काटकोन मागतात. हा आग्रह अवाजवी वाटेल, पण भोक दोन अंशांनी तिरके असले तर सेन्सर एका कडेवर टेकतो आणि दुसऱ्या कडेखाली फट राहते, मग कितीही आवळले तरी ती मिटत नाही.

भोकाच्या तोंडाशी ड्रिलमुळे धातूची बारीक धार उभी राहते, ती चॅम्फर करून, म्हणजे कड तिरकी कापून, काढावी. भोकाची खोली स्टडच्या लांबीपेक्षा थोडी अधिक हवी. खोली कमी पडली तर स्टड तळाला टेकतो, पान्याला घट्ट झाल्याचा भास होतो आणि सेन्सरचे बूड पृष्ठभागाला लागलेलेच नसते. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सेन्सर बसवण्याआधी बुडाला मार्करची शाई लावून हलकेच आवळून काढावा. शाई पूर्ण कड्यावर उमटली तर बैठक नीट आहे.

गिअरबॉक्सच्या बाबतीत भोक पाडण्यापूर्वी भिंतीची जाडी आराखड्यावरून पाहणे किंवा उत्पादकाला विचारणे अत्यावश्यक आहे. भोक आरपार गेले तर तेल गळेल आणि त्याहून वाईट म्हणजे लोखंडाचा कीस तेलात जाऊन दात आणि बेअरिंग खाईल. मोटरच्या किंवा गिअरबॉक्सच्या हमीच्या काळात परवानगीशिवाय भोक पाडले तर ती हमी रद्द होण्याचा धोकाही असतो.

पृष्ठभाग तयार झाला की तो पुसून, सिलिकॉन ग्रीसचा किंवा तेलाचा अगदी पातळ थर लावावा. हा थर सूक्ष्म खळग्यांतली हवा हटवून तिथे द्रव भरतो आणि उच्च वारंवारतेचे वहन सुधारतो. जाड थर लावला तर उलट परिणाम होतो. आवळण्यासाठी टॉर्क पाना वापरावा. बहुतेक औद्योगिक सेन्सरना ३ ते ७ न्यूटन-मीटरच्या दरम्यान टॉर्क लागतो, नेमका आकडा त्या सेन्सरच्या माहितीपत्रकात असतो. तापणाऱ्या आणि गार होणाऱ्या यंत्रावर सांधा हळूहळू सैल होऊ नये म्हणून आट्यांना मध्यम ताकदीचे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारे चिकटद्रव्य) लावण्यास हरकत नाही, फक्त ते बुडाच्या सपाट कड्यावर पसरू देऊ नये. शेवटी सेन्सर आणि यंत्र या दोहोंवरून जाणारी रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की सेन्सर फिरला आहे हे फेरी मारणाऱ्या ऑपरेटरलाही कळते, आणि त्यासाठी कंपनशास्त्र शिकावे लागत नाही.

भोक पाडता येत नसेल तेव्हा

काचेचे अस्तर असलेल्या रिॲक्टरवर वेल्डिंगचा विचारही करू नये. आतली काच पोलादावर उच्च तापमानाला एकजीव केलेली असते आणि बाहेरून दिलेल्या वेल्डिंगच्या उष्णतेने ती तडकते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही आणि दुरुस्ती महाग असते. दाबाखालच्या कोणत्याही भांड्याच्या भिंतीला भोक किंवा वेल्डिंग करण्यालाही संबंधित नियमांची आणि तपासणीची चौकट असते. सुदैवाने ॲजिटेटरचे सेन्सर भांड्यावर बसवायचेच नसतात. बेअरिंगच्या घरावर वेल्डिंगने पट्टी लावण्याचा सल्ला काही जण देतात, परंतु अर्थिंगचा क्लॅम्प चुकीच्या जागी लागला तर वेल्डिंगचा प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि रोलरांवर सूक्ष्म खड्डे पडतात. बेअरिंग वाचवण्यासाठी सेन्सर बसवायचा आणि तो बसवतानाच बेअरिंग खराब करायचे, यात कसलाच अर्थ नाही.

अशा ठिकाणी आटे असलेली धातूची चकती चिकटवून तिच्यावर सेन्सर आवळणे हा चांगला पर्याय आहे. चांगल्या प्रकारे चिकटवलेली चकती काही हजार हर्ट्झपर्यंत समाधानकारक काम देते. रंग पूर्ण खरवडून, पॉलिश पेपरने घासून, विद्रावकाने तेलाचा अंश काढून, पातळ आणि सलग थर देऊन मगच ती दाबायची; रंगावरच चिकटवलेली चकती म्हणजे रंगाच्या थरावर बसवलेला सेन्सर होय. चिकटद्रव्य कडक होणारे असावे. रबरासारखे लवचीक राहणारे सिलिकॉन सीलंट येथे पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण ते कंपन शोषण्यासाठीच चांगले असते. दुकानात मिळणारा सामान्य दोन नळ्यांचा इपॉक्सी गार यंत्रावर ठीक चालतो, मात्र गिअरबॉक्सचे अंग ७०-८० अंशांपर्यंत तापत असेल तर तो मऊ पडू शकतो. तिथे अधिक तापमान सोसणारे औद्योगिक चिकटद्रव्य घ्यावे. कोकणातल्या पावसाळ्यात थंड लोखंडावर दव धरते, त्यामुळे चिकटवण्याआधी पृष्ठभाग गरम हवेने कोरडा करणे आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत यंत्र न चालवणे या दोन्ही गोष्टी पाळाव्या लागतात.

चुंबकी बुडाचा उपयोग फिरत्या तपासणीसाठी आहे, कायमच्या जोडणीसाठी नाही. सपाट, स्वच्छ पृष्ठभागावर तो साधारण २००० हर्ट्झपर्यंत भरवशाचा असतो, म्हणजे आपल्या नमुन्यातल्या दातांची माहिती तो देईल, पण बेअरिंगच्या क्षीण ठोक्यांची देईलच असे नाही. ॲल्युमिनिअमच्या अंगाच्या मोटरवर आणि औषध कारखान्यांतल्या ३०४ किंवा ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलवर तो धरतच नाही. चुंबक लावताना थेट सोडू नये. त्याच्या ओढीने सेन्सर धाडकन आपटतो आणि तो धक्का आतल्या स्फटिकाला पुरेसा असतो. एक कड टेकवून हळूच लोळवत बसवावा. आणखी एक व्यवहारातली गोष्ट अशी की ॲजिटेटर मॅनहोलच्या शेजारी उभा असतो, आणि झाकण उघडे असताना निसटलेला चुंबकी सेन्सर थेट बॅचमध्ये जाऊ शकतो, म्हणून त्याला सुरक्षा दोरी बांधूनच वापरावे.

बिनतारी सेन्सरांनी केबलचा प्रश्न सोडवला असला तरी पकडीचा वाढवला आहे. बॅटरी आणि अँटेनामुळे ते उंच आणि जड असतात. उंच वजन अरुंद बुडावर उभे केले की त्याला डोलण्याची स्वतःची वारंवारता मिळते आणि ती नेहमीच्या छोट्या सेन्सरपेक्षा बरीच खाली असते. त्यांना स्टडची गरज अधिक आहे, आणि नेमके तेच दुहेरी टेपने किंवा चुंबकाने लावलेले आढळतात.

केबल आणि स्फोटक हवा

केबल मोकळी लोंबत असेल तर ती यंत्राबरोबर हेलकावते, कनेक्टरवर ओढ देते आणि खालच्या वारंवारतेत खोटा संदेश घालते. सेन्सरपासून वीतभर अंतराच्या आत ती यंत्राच्याच अंगाला बांधावी, कनेक्टरला ओढ बसणार नाही इतका सैल वळसा ठेवावा, आणि वळशाचा तळ कनेक्टरच्या खाली येईल असे पाहावे, म्हणजे धुण्याचे पाणी केबलवरून घरंगळून कनेक्टरमध्ये न शिरता तळाशी टपकेल. वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची पॉवर केबल आणि सेन्सरची केबल एकाच ट्रेमधून नेऊ नयेत. केबलच्या जाळीला एकाच टोकाला अर्थिंग द्यावे. दोन्ही टोकांना दिले तर त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो आणि आलेखावर तो विजेच्या दोषासारखा दिसतो.

रिॲक्टरच्या माथ्यावर टोल्युइन, मिथेनॉल किंवा ॲसिटोन यांची वाफ असण्याची शक्यता असेल तर तो भाग धोक्याचा झोन ठरतो. तिथे बसवायचा सेन्सर बिघाड झाला तरी वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा बाहेर न टाकणारा, प्रमाणित जातीचा असावा लागतो आणि त्याच्या जोडीला सुरक्षित भागात ऊर्जा मर्यादित ठेवणारा बॅरिअर लागतो. आपल्या देशात पेट्रोलियम पदार्थांच्या अशा भागांतल्या विद्युत उपकरणांची मान्यता पेसो ही केंद्रीय संस्था देते आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. सेन्सर प्रमाणित आहे म्हणून त्यासाठी भोक पाडण्याचे कामही सुरक्षित होते असे मात्र नाही. ड्रिलिंग आणि घासकाम हे ठिणगीचे काम आहे, त्यासाठी हॉट वर्क परमिट, वायूची तपासणी आणि मोटरचा पुरवठा कुलूपबंद करणे हे सारे ओघानेच आले.

बसवल्यानंतर

सेन्सर जोडल्यावर सर्वप्रथम त्याच्या तारांवरचे स्थिर व्होल्टेज मोजावे. नेहमीच्या दोन तारांच्या सेन्सरमध्ये ते १० ते १४ व्होल्टच्या दरम्यान असते. ते शून्य आले तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि पुरवठ्याइतकेच म्हणजे २४ व्होल्टच्या आसपास आले तर तार तुटलेली किंवा कनेक्टर उघडा आहे. त्यानंतर यंत्र बंद असताना सेन्सरशेजारी लाकडी मुठीने हलकेच ठोकून पडद्यावर ठोका उमटतो का ते पाहावे, आणि कोणत्या वाहिनीवर उमटतो तेही पाहावे, कारण दोन सेन्सरांच्या केबल अदलाबदल होणे ही गोष्ट वाटते तितकी दुर्मीळ नाही.

सैल पडलेला सेन्सर पुष्कळदा यंत्र सैल झाल्यासारखी लक्षणे दाखवतो. आलेखावर फिरण्याच्या वारंवारतेचे एकामागून एक गुणित दिसू लागतात, डाव्या टोकाचा उतार वाढतो, कालालेख (वेळेनुसार कंपन दाखवणारा आलेख) एका बाजूला झुकतो आणि उच्च वारंवारतेचे वाचन कारण नसताना घटते. यातले शेवटचे लक्षण फसवे आहे, कारण आकडा कमी झाला म्हणून कोणी तक्रार करत नाही. बेअरिंगचे वाचन एका रात्रीत सुधारले असेल तर आधी सेन्सरला हात लावून पाहावा. पायाचे बोल्ट आवळण्यासाठी बॅच थांबवण्याआधी तर तो जरूरच पाहावा.

ॲजिटेटरच्या वाचनात प्रक्रियेचा वाटा एवढा मोठा असतो की नोंदीत तिचा उल्लेख नसेल तर चांगली पकडही वाया जाते. भांडे रिकामे होताना द्रवाची पातळी पात्यांपाशी आली की पाती अर्धी द्रवात आणि अर्धी हवेत फिरतात, धक्के असमान होतात आणि कंपन चांगलेच वाढते. पातळी खाली गेली की पुन्हा शांत होते. घट्ट रेझिन आणि पातळ विद्रावक यांत एकच वेग ठेवला तरी वाचन वेगळे येते. दिवसातून ठरावीक वेळी मोजणारा बिनतारी सेन्सर कधी भरलेल्या भांड्याचे, कधी रिकाम्या भांड्याचे आणि कधी बंद मोटरचे वाचन पाठवतो, आणि त्या सगळ्यांची एक रेघ जोडून आलेख काढला जातो. मोजणी घड्याळावर न ठेवता मोटरच्या प्रवाहावर, वेगावर आणि बॅचच्या टप्प्यावर बांधावी.

शेवटची बाब गिअरबॉक्स बदलण्याची. बहुतेक कारखान्यांत एक राखीव गिअरबॉक्स गोदामात असतो आणि घाईच्या वेळी तोच चढवला जातो. जुन्यावरचे सेन्सर काढून नव्यावर लावायची वेळ येते तेव्हा त्याच्यावर ना सपाट जागा असते ना भोक, आणि ढवळणे लगेच सुरू करायचे असल्यामुळे सेन्सर मिळेल तिथे चुंबकाने लावला जातो. तो राखीव गिअरबॉक्स वर्कशॉपच्या टेबलावर असतानाच, जुन्याच्या मापांवरून, त्याच जागी स्पॉटफेसिंग आणि आटे पाडून घ्यावेत, भोकांत प्लॅस्टिकची बुचे बसवावीत, आणि यंत्र चढल्यावर भरलेल्या भांड्याचे पहिले वाचन नवा आधार म्हणून नोंदवावे, कारण जुन्या गिअरबॉक्सच्या वाचनाशी त्याची तुलना करता येत नाही.